दिघीचे फाटक आणि खिशातला फोन

माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे येते ती दिघीवरून. या दिघीत एक मॅगझिन चौक आहे. नवख्या माणसाला वाटावे, इथे मासिके मिळत असतील! पण मॅगझिन म्हणजे दारूगोळ्याचे कोठार. अशा कोठारांचा जुना नियम जगभर सारखाच. काडेपेटी, विडी, खिळ्यांचे बूट... सगळे फाटकाबाहेर. धोका वस्तूत आहे, वस्तू बाहेर ठेवली की धोका टळला, इतका सरळ हिशेब.

हाच हिशेब पुढे कागदाला लागला. १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्यात नकाशे, आराखडे, नमुने, टिपणे, दस्तऐवज यांची यादीच आहे. गुपित हातात धरता येत होते, त्यामुळे फाटकावर झडती घेता येत होती. फ्लॉपी आली, पेनड्राइव्ह आला, तरी झडती चालूच राहिली. चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत पाहुण्याच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात ना, तो याच परंपरेतला.

मग चित्र पालटले. आधी साहेबाला ब्लॅकबेरी कंपनी देई आणि तो कंपनीचाच असे. २००७ मध्ये आयफोन आला आणि काही वर्षांत कर्मचाऱ्याचा स्वतःचा फोन कंपनीच्या फोनपेक्षा सरस झाला. 'आपलेच उपकरण आणा' हे धोरण रूढ झाले. कंपनीचा खर्च वाचला, माणसाची सोय झाली. २०२० च्या टाळेबंदीत तर घरचा फोन म्हणजेच ऑफिस झाले. मुलाच्या शाळेचा ग्रुप आणि कंपनीचे ड्रॉइंग एकाच व्हॉट्सअ‍ॅपवर!

आता दिघीकडे परत येऊ. इथे डीआरडीओची आर अँड डी ई (इंजिनिअर्स) ही प्रयोगशाळा आहे. 'सर्वत्र' पूल, पिनाकाचा लाँचर, 'दक्ष' यंत्रमानव ही तिची कामे. ३ मे २०२३ रोजी महाराष्ट्र एटीएसने तिचे संचालक प्रदीप कुरुलकर यांना अटक केली. निवृत्तीला काही महिनेच उरले होते. आरोप असा, की एका तरुणीच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणाऱ्या पाकिस्तानी हेराला त्यांनी गोपनीय माहिती दिली. दोषी कोण हे न्यायालयाने ठरवायचे, आपण नव्हे. पण आरोपपत्रातली गोष्ट घटकाभर खरी धरा. कुंपण शाबूत, फाटक शाबूत, पहारेकरी जागा. आणि तरीही माहिती बाहेर! कारण ती कागदावर नव्हती, डोक्यात होती आणि बाहेर जायची वाट खिशात होती.

जुलै २०२० मध्ये लष्कराने जवानांना फेसबुकसह ८९ अ‍ॅप्स फोनमधून काढायला सांगितली होती. हा मॅगझिनचाच नियम, नव्या यादीसह. यादी हवीच. पण नव्वदावे अ‍ॅप उद्या येणार, त्याचे काय?

मंडळी, माझ्या मते तीन गोष्टी उरतात. पहिली, जे खरोखर गुपित आहे ते खासगी फोनवर येऊच द्यायचे नाही, साहेबाने घाई केली तरी. दुसरी, बाकी कामासाठी फोनमध्ये वेगळा कप्पा. अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून ही सोय आहे. फोन हरवला तर कंपनी आपला कप्पा दुरून पुसते आणि तुमच्या लेकीचे फोटो तसेच राहतात. हेही महत्त्वाचे आहे. फोन माझा असेल तर त्यात कंपनीने कुठवर डोकवायचे, हे आधी लिहून ठरलेले असावे. नाहीतर माणसे नियमातून पळवाटा काढतात आणि मग कप्पा नावापुरता उरतो.

तिसरी सर्वांत अवघड. असे जाळे विणणारे माणसाच्या एकटेपणावर आणि लाजेवर जगतात. 'काहीतरी विचित्र घडतेय' असे पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांना सांगता आले, आणि सांगितले म्हणून लगेच नोकरी जाणार नाही अशी खात्री असली, तर बरीचशी जाळी तिथेच फाटतील. फाटकावर काडेपेटी काढून घेता येते. मनातली गोष्ट मात्र माणसाने आपणहून काढून ठेवावी लागते आणि त्यासाठी आत कोणीतरी विश्वासाचे लागते.

ते माणूस तुमच्या ऑफिसात कोण आहे? नसेल, तर नुसत्या स्टिकरवर विसंबू नका.