केशवापासून श्रीकृष्णापर्यंत: चोवीस नावांच्या यादीचं वय कसं काढायचं?

कुठल्याही पूजेची सुरुवात आठवा. गुरुजी पळीने उजव्या हातावर पाणी घ्यायला सांगतात. केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः असं म्हणत तीनदा आचमन करायचं आणि गोविंदाय नमः म्हणताना पाणी ताम्हनात सोडायचं. पुढची वीस नावं गुरुजी एका दमात म्हणून टाकतात. आपण हात जोडून उभे असतो आणि त्यातली पाचसात ओळखू येतात. श्रीकृष्णाय नमः ऐकू आलं की यादी संपली असं समजायचं.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या संशोधनाचा विषय शोधताय. इतिहासाचं साधन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर ताम्रपट, शिलालेख, बखरी येतात. रोज तोंडाने म्हटली जाणारी यादी हेही साधनच आहे, फक्त तिच्यावर तारीख लिहिलेली नसते. ती काढावी लागते. ही चोवीस नावं घेऊन ते कसं करायचं ते आज बघू. प्रश्न दोनच आहेत: नावं चोवीसच का, आणि याच क्रमाने का?

आधी मंत्राची रचना समजून घ्या. संस्कृतात 'नमः' या शब्दासोबत चतुर्थी विभक्ती येते, म्हणून केशवचं केशवाय, विष्णुचं विष्णवे, हरिचं हरये. बस, एवढाच साचा. कुठलंही नाव त्यात घाला, मंत्र तयार. विष्णुसहस्रनामाशी तुलना करा. ते महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे आणि छंदोबद्ध आहे. मधलं एक नाव काढलं तर श्लोक लंगडा होतो. नामावलीला छंद नाही. मध्येच एक नाव घुसवलं किंवा शेवटी बारा जोडली, तरी कानाला काही खटकत नाही. म्हणजे अशा यादीत भर पडली असेल तर ती भाषेवरून सहसा पकडता येत नाही. आपल्या हाती उरतात दोनच गोष्टी, संख्या आणि क्रम.

संख्येचं एक उत्तर तुम्ही ऐकलं असेल, आणि विज्ञान शाखेतून आलेल्यांना ते फार आवडतं (मलाही आवडायचं, माझी एमएस्सी संख्याशास्त्रातली). विष्णूला हात चार, आयुधं चार: शंख, चक्र, गदा, पद्म. चार वस्तू चार जागी मांडायचे प्रकार ४ × ३ × २ × १ = २४. प्रत्येक मांडणीला एक नाव. झालं!

हे हिशेब आपण आज मागे वळून लावतोय असंही नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० साली, अंकपाश नावाच्या प्रकरणात हेच उदाहरण आहे. दहा हातांत दहा आयुधं घेतलेल्या शंभूच्या, आयुधांची अदलाबदल करून, किती मूर्ती होतील असं ते विचारतात आणि जोडीला चार आयुधांचा हरी घेतात. उत्तरं अनुक्रमे ३६,२८,८०० आणि २४. याचा अर्थ बाराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हरीचे मूर्तिभेद गणिताच्या विद्यार्थ्याला उदाहरण म्हणून सांगता येतील इतके परिचित होते. ही आपल्याला मिळालेली पहिली पक्की तारीख.

पण याच उदाहरणात त्या सोप्या उत्तराची अडचणही दडली आहे. शंभूच्या छत्तीस लाख मूर्तींना कुणी छत्तीस लाख नावं दिली नाहीत. गणित दोन्हीकडे एकच, नावं मात्र एकीकडेच. तेव्हा मांडण्या मोजल्यामुळे नावं जन्माला आली असं म्हणता येत नाही. हरीच्या बाबतीत नावं कुठूनतरी आधीच आलेली असणार.

मूर्तिशास्त्रही हेच सुचवतं. आयुधं वाचायची पद्धत अशी: मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करायची, मग वरचा उजवा, वरचा डावा, शेवटी खालचा डावा. अग्निपुराणाप्रमाणे या क्रमाने पद्म, शंख, चक्र, गदा असेल तर तो केशव. पद्म, गदा, चक्र, शंख असेल तर त्रिविक्रम. दोघांत फक्त शंख आणि गदा यांची जागा बदलली. आता त्रिविक्रम म्हणजे तीन पावलांत विश्व व्यापणारा. त्या कथेचा आणि गदा वरच्या उजव्या हातात असण्याचा संबंध काय? काहीच नाही. शिवाय अग्निपुराण, पद्मपुराण आणि पंधराव्या शतकात मेवाडात सूत्रधार मंडनाने लिहिलेलं रूपमंडन यांचे तक्ते जुळवायला बसलात, तर काही नावांच्या मांडण्या जुळत नाहीत. नाव तेच, हातातल्या वस्तू वेगळ्या. नाव आणि मांडणी यांची गाठ नंतर मारली गेली असेल, तर ती ग्रंथागणिक सैल असणं स्वाभाविक आहे.

मग नावं आली कुठून? यादीचे मधोमध दोन तुकडे करा. पहिली बारा: केशव, नारायण, माधव, गोविंद, विष्णू, मधुसूदन, त्रिविक्रम, वामन, श्रीधर, हृषीकेश, पद्मनाभ, दामोदर. गंमत बघा, खुद्द विष्णू या यादीत पाचवा आहे. वामन आणि त्रिविक्रम एकाच कथेतले असूनही वेगळे मोजलेत. यादी देव मोजत नाही, नावं मोजते.

ही बारा नावं याच क्रमाने स्वतंत्रपणे सापडतात. बौधायन धर्मसूत्रातल्या तर्पणात ती आहेत. सूत्रग्रंथांत नंतरची भर पुष्कळ असते, म्हणून एकट्या त्याच्यावर कालनिर्णय करू नका. महाभारताच्या अनुशासनपर्वात द्वादशीच्या व्रतासाठी महिन्यागणिक एक नाव सांगितलंय: मार्गशीर्षात केशव, पौषात नारायण, माघात माधव, असं करत कार्तिकात दामोदर. आणि सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही मार्गशीर्षापासूनची हीच बारा नावं येतात. वराहमिहिराचा काळ बराच निश्चित आहे, म्हणून इथे पाय रोवता येतो. बारांची यादी सहाव्या शतकात, महिन्यांशी बांधलेल्या रूपात, हजर होती.

आपलं पंचांग चैत्रापासून सुरू होतं, यादी मार्गशीर्षापासून. मार्गशीर्षाचं दुसरं नाव आग्रहायण, आणि त्यात 'हायन' म्हणजे वर्ष आहे. वर्षाची सुरुवात तिथून मोजण्याची जुनी पद्धत यादीने धरून ठेवली आहे. म्हणजे पळीभर पाणी पिताना आपण 'केशवाय नमः' म्हणतो, तेव्हा एका जुन्या वर्षाचा पहिला महिना उच्चारत असतो. (अधिक महिन्याला बारांतलं नाव मिळालं नाही. तो पुरुषोत्तम मास, आपला धोंड्याचा महिना. पुरुषोत्तम हे नाव यादीच्या दुसऱ्या तुकड्यात आहे.)

पांचरात्र आगमांनी या बारांना पुढे आणखी एक घर दिलं. त्यांच्या मते परमतत्त्वाचे चार व्यूह आहेत: वासुदेव, संकर्षण, प्रद्युम्न, अनिरुद्ध. प्रत्येकापासून तीन रूपं निघतात. वासुदेवापासून केशव, नारायण, माधव. संकर्षणापासून गोविंद, विष्णू, मधुसूदन. याच रीतीने अनिरुद्धापासून शेवटची तीन. ४ × ३ = १२. हिशेब इथेही चोख बसतो, आणि म्हणूनच मी त्याच्याकडे जरा संशयाने बघतो. महिन्यांसाठी असलेली बारा नावं चारांत वाटून देणं अवघड नाही.

आता दुसरा तुकडा: संकर्षण, वासुदेव, प्रद्युम्न, अनिरुद्ध, पुरुषोत्तम, अधोक्षज, नारसिंह, अच्युत, जनार्दन, उपेंद्र, हरि, श्रीकृष्ण. पहिली चार बघा. हेच ते चार व्यूह. पण आचमनात संकर्षण आधी आणि वासुदेव नंतर. पांचरात्रात वासुदेव हा मूळ, बाकीचे त्याच्यापासून. आगमाला धरून यादी केली असती तर वासुदेवाला दुसऱ्या जागी कोण बसवेल?

इथे जुन्नरजवळच्या नाणेघाटात जावं लागतं. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा मोठा ब्राह्मी लेख आहे, साधारण इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला. त्याची सुरुवात देवांना वंदन करून होते आणि त्यात संकर्षण-वासुदेव अशी जोडी येते, याच क्रमाने. राजस्थानातल्या घोसुंडीच्या लेखातही तसंच. मथुरेजवळच्या मोरा गावच्या लेखात वृष्णिकुळातल्या पाच वीरांच्या मूर्तींचा उल्लेख आहे. या पाचांची नावं वायुपुराण देतं: संकर्षण, वासुदेव, प्रद्युम्न, सांब, अनिरुद्ध. यातून सांब वगळा. आचमनातला क्रम जसाच्या तसा मिळतो.

हा क्रम वडीलकीचा आहे. थोरला भाऊ बलराम, मग धाकटा कृष्ण, मग मुलगा, मग नातू. तत्त्वज्ञानाने वासुदेवाला मूळ ठरवण्याआधी ही मंडळी एका कुळातले वीर म्हणून पुजली जात होती, असं या लेखांवरून दिसतं.

हे हाती लागलं की 'आचमनाची यादी सातवाहनकाळाइतकी जुनी' असं लिहायचा मोह होतो. थांबा. नाणेघाटात जोडी आहे, यादी नाही. व्याकरणात पाणिनीवरच्या एका वार्तिकानुसार भावांची नावं समासात आली की थोरल्याचं आधी येतं, तेव्हा शिलालेखातला क्रम निव्वळ व्याकरणाचाही असू शकतो. आणि घरातल्या माणसांची नावं वयाने सांगायला कुणाला प्राचीन परंपरा लागत नाही, कथा माहीत असली की पुरे. या क्रमावरून एवढंच ठामपणे म्हणता येतं: या चार नावांपुरता तरी यादी करणारा पांचरात्राचा क्रम पाळत नव्हता. दावा लहान आहे, पण व्हायवात टिकेल.

म्हणून माझं वाचन असं. बारा महिन्यांची बारा नावं आधी. त्यांना चार वीरांची किंवा व्यूहांची नावं आणि आणखी आठ जोडून चोवीस झाली, आणि चार आयुधांच्या चोवीस मांडण्यांनी संख्येला कुलूप लावलं. पंचविसावं नाव घालायला मूर्तीच्या हातात जागाच उरली नाही. छंद नसलेल्या यादीला गणिताने राखलं.

ज्यांना यावर हात चालवून बघायचाय, त्यांनी चौकटींच्या वहीत चोवीस मांडण्या लिहा आणि अग्निपुराणाच्या ४८ व्या अध्यायातली नावं एकेका चौकटीत भरा. मग दुसऱ्या ग्रंथाची भरा. एका चौकटीत दोन नावं आली आणि एक चौकट रिकामी राहिली, तर कुठेतरी लेखनिकाचा हात घसरलाय आणि कुठे ते रिकामी चौकट दाखवते. हीच वही मूर्ती बघताना न्या, तेराव्या शतकातल्या सोमनाथपूरच्या केशव मंदिरात किंवा जवळच्या संग्रहालयात. एक हात तुटला असेल तर उरलेल्या तिघांवरून मांडणी ठरते. दोन तुटले असतील तर शक्यता दोन, तीन तुटले असतील तर सहा. आणि मूर्तीला नाव देताना तक्ता कुठल्या ग्रंथाचा वापरला ते टिपणात आधी लिहा.