सोलने उड्डाणपूल पाडला; खालच्या फेरीवाल्यांचं काय झालं?

मुंबईत मोहम्मद अली रोडवरचा जे. जे. उड्डाणपूल, म्हणजे कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी पूल, २००२ साली खुला झाला. त्याच वर्षी दक्षिण कोरियाची राजधानी सोल इथे ली म्युंग-बाक महापौरपदाची निवडणूक जिंकले, आणि त्यांचं मोठं वचन होतं शहराच्या मधोमध जाणारा उड्डाणपूल पाडण्याचं.

हा पूल चोंगेचोन नावाच्या ओढ्यावर होता. घाण आणि झोपड्या दिसू नयेत म्हणून १९५८ पासून ओढा काँक्रीटने झाकला गेला, पुढे त्यावर उन्नत रस्ता आला. खालचा रस्ता आणि वरचा पूल मिळून रोज सुमारे १ लाख ६८ हजार गाड्या जायच्या. जुलै २००३ मध्ये पाडकाम सुरू झालं आणि १ ऑक्टोबर २००५ रोजी सुमारे ५.८ किलोमीटरचा ओढा लोकांसाठी खुला झाला.

वाहतूक ठप्प होईल, ही भीती खरी ठरली नाही. रस्ता वाढला की गाड्या वाढतात, तसंच रस्ता कमी झाला की काही गाड्या घराबाहेर पडतच नाहीत. पण नुसता पूल पाडून हे जमलं नसतं. २००४ मध्ये बसमार्गांची नव्याने आखणी झाली, रस्त्याच्या मधोमध बससाठी वेगळ्या मार्गिका आल्या. हा भाग आपल्याकडे कुणी सांगत नाही, फक्त ओढ्याचे फोटो दाखवतात. तो ओढाही पूर्ण नैसर्गिक नाही बरं का, त्यात बरंचसं पाणी हान नदीतून पंपाने आणून सोडतात.

आता रोजीरोटीचा प्रश्न. पुलाखाली आणि आजूबाजूला हत्यारं, जुनं सामान, कपडे विकणाऱ्यांचा मोठा बाजार होता. दुकानदारांशी हजारो बैठका झाल्या, असं महापालिका सांगते. त्यांच्यासाठी शहराच्या आग्नेय टोकाला ‘गार्डन फाइव्ह’ हे संकुल बांधलं, पण ते जुन्या गिऱ्हाइकापासून खूप लांब पडलं आणि अनेक जण तिथे गेलेच नाहीत. फुटपाथवाल्यांपैकी बऱ्याच जणांना तोंगदेमुन स्टेडियममध्ये जागा मिळाली. धंदा जरा बसतोय तोवर ते स्टेडियमही पाडायला काढलं, आणि २००८ मध्ये त्यांना पुन्हा बोचकी उचलून सिन्सोल-दोंग भागातल्या नव्या बाजारात जावं लागलं. स्टेडियमच्या जागेवर आज बगदादमध्ये जन्मलेल्या वास्तुविशारद झहा हदीद यांनी आखलेली चंदेरी इमारत उभी आहे.