चौदा कॅरेट : एका हुकमाने सोनारांचे काय केले?

१/ १० जानेवारी १९६३. या दिवसापासून भारतात चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचा नवा दागिना घडवणे बेकायदा ठरले. मंगळसूत्राच्या वाट्यांपासून पाटल्यांपर्यंत बहुतेक दागिने ज्या देशात बावीस कॅरेटमध्ये घडत, तेथे लाखो सोनारांचे नेहमीचे काम एका रात्रीत गुन्ह्याच्या कक्षेत आले. हा हुकूम का निघाला आणि त्याचा भार कोणावर पडला, याचा हा धागा.

२/ प्रथम पार्श्वभूमी. भारतात सोन्याचे उत्पादन मुख्यतः कोलारच्या खाणींतून होई आणि मागणीच्या मानाने ते अगदीच तोकडे होते. परकीय चलन वाचवण्यासाठी १९४७ पासून सोन्याच्या आयातीवर कठोर निर्बंध आले. आयात थांबली, मागणी मात्र थांबली नाही. परिणामी साठच्या दशकाच्या आरंभी देशातील सोन्याचा भाव आंतरराष्ट्रीय भावाच्या जवळपास दुप्पट होता.

३/ एवढ्या तफावतीत चोरट्या व्यापाराचे सारे गणित होते. दुबईत सोने खुलेपणाने विकत मिळे. तेथून गलबतांवर चढलेली दहा तोळ्यांची बिस्किटे पश्चिम किनाऱ्यावर उतरत. त्यांचे मोल चांदीच्या किंवा हवालामार्गे गेलेल्या चलनाच्या रूपाने देशाबाहेर जाई. सरकारची चिंता खोटी नव्हती. जे परकीय चलन यंत्रसामग्री आणि धान्य यांसाठी हवे होते, ते सोन्यात गडप होत होते.

४/ ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले. २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. सरकारने सुवर्णरोखेही काढले. परंतु त्यांत सोने देणाऱ्यास दहा ग्रॅमला सुमारे ५३ रुपये ५८ पैसे, म्हणजे आंतरराष्ट्रीय दराइतकेच मोल मिळणार होते. बाजारात त्याच सोन्याला साधारण दुप्पट भाव असताना रोख्यांकडे सोन्याचा ओघ वळणे अवघडच होते.

५/ अर्थमंत्री होते मोरारजी देसाई. मुंबई राज्याचे माजी मुख्यमंत्री आणि दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते. समाजाची अनिष्ट सवय कायद्याने मोडता येते, ही त्यांची श्रद्धा महाराष्ट्राला परिचित होती. सोन्याची हौस हीदेखील त्यांच्या दृष्टीने अशीच एक सवय होती. ९ जानेवारी १९६३ रोजी त्यांनी सुवर्ण नियंत्रण नियम जाहीर केले.

६/ हे नियम भारत संरक्षण नियमांचा भाग म्हणून आले. त्यामुळे आधी संसदेत विधेयक मांडून त्यावर चर्चा होण्याची गरज उरली नव्हती. व्यापाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला. दागिन्यांव्यतिरिक्त जवळ असलेले सोने जाहीर करणे बंधनकारक झाले. आणि सर्वांत दूरगामी कलम हे, की यापुढे नवा दागिना चौदा कॅरेटच्या वर जाता कामा नये.

७/ चौदाच का? शुद्ध सोने चोवीस कॅरेटचे. बावीस कॅरेटमध्ये सुमारे ९१.६ टक्के सोने असते, तर चौदा कॅरेटमध्ये सुमारे ५८.३ टक्के. म्हणजे त्याच वजनाच्या दागिन्याला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक सोने कमी लागणार. शिवाय अशा दागिन्याला मोडीत चांगला भाव येणार नाही, त्यामुळे बचत म्हणून सोने घेण्याची प्रवृत्ती ओसरेल आणि चोरट्या सोन्याचे गिऱ्हाईकच नाहीसे होईल, असा हिशेब होता. कागदावर तो चोख होता.

८/ आता कागदावरून सोनाराच्या दुकानात जाऊ. मूस, फुंकणी, सांडशी, ऐरण आणि शेगडी एवढेच त्याचे भांडवल. एका दुकानाच्या आधाराने अनेक घरे चालत. कोणी तार ओढणारा, कोणी जडावकाम करणारा, कोणी मणी ओवून देणारा पटवेकरी. दुकानातील केर आणि राख विकत घेऊन, ती धुऊन त्यांतले सोन्याचे कण वेचणारा झारेकरी हा या साखळीतला शेवटचा माणूस.

९/ येथे सराफ आणि सोनार यांतील भेद ध्यानात घ्यायला हवा. सराफ सोन्याचा व्यापार करी. त्याच्यापाशी भांडवल, साठा आणि पत असे. गावोगावचा सोनार मात्र बहुधा कारागीर होता. सोने गिऱ्हाइकाचे, हात सोनाराचे. त्याला मिळे ती घडणावळ. एकाच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या या धंद्यात मालक आणि मजूर असे दोन वेगळे वर्ग होते.

१०/ आणि हे गिऱ्हाइकाचे सोने येई कोठून? पुष्कळदा घरातूनच. आजीच्या पाटल्या मोडून नातीसाठी बांगड्या, झिजलेली बोरमाळ आटवून नवी ठुशी. गावातील सोनाराचे बरेचसे काम असे ‘मोडून घडवण्याचे’ असे. या व्यवहारात परदेशातून गुंजभरही सोने येत नव्हते आणि परकीय चलनाचा एक पैसाही जात नव्हता.

११/ नियमाने नेमके हेच काम थांबवले. जुना बावीस कॅरेटचा दागिना बाळगण्यास मनाई नव्हती. तो आटवून त्याच कसाचा नवा दागिना घडवणे मात्र बेकायदा होते. घडवायचा तर त्यात मिश्रण करून कस चौदावर उतरवा, असा त्याचा अर्थ. बावनकशी सोन्याची प्रतिष्ठा म्हणींतून आणि रूढींतून जपणारा समाज यास राजी होणे कठीण होते.

१२/ अडचण केवळ भावनेची नव्हती. तांबे किंवा चांदी अधिक मिसळली की सोने कडक होते. बावीस कॅरेटच्या मऊ सोन्याचा पातळ पत्रा ठोकणे, बारीक तार वळवणे, नाजूक झाळकाम करणे यांवर पिढ्यान्‌पिढ्यांचा हात बसलेला. नव्या मिश्रणाला वेगळे झाळण, वेगळी आच आणि वेगळी हत्यारे हवीत. ते शिकवण्याची सोय होण्याआधीच हुकूम अमलात आला होता.

१३/ आता नुकसान कोणाचे झाले, ते पाहू. गिऱ्हाइकाचे जुने दागिने त्याच्या घरात सुरक्षित होते. तो वाट पाहू शकत होता. बड्या सराफाला साठा आणि पत यांच्या बळावर काही काळ तग धरता येत होता. चोरटा व्यापारी मुळात कायद्याबाहेरच होता. रोजच्या घडणावळीवर रोजची चूल पेटवणारा कारागीर तेवढा उघडा पडला, कारण त्याच्यापाशी थांबण्याइतकी सवड नव्हती.

१४/ काही महिन्यांतच देशभर सोनारांची दुकाने ओस पडू लागली. कोणी मोलमजुरीकडे वळले, कोणी हत्यारे विकली. मोर्चे आणि सत्याग्रह झाले. अनेक प्रांतांतून सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या आणि हा प्रश्न संसदेत पुनःपुन्हा उपस्थित झाला. परकीय चलनाच्या हिशेबात जे खाते धरलेलेच नव्हते, त्या खात्यावर हा खर्च पडत होता.

१५/ सरकारने पुनर्वसनाचे उपाय योजले. विस्थापित सोनारांना कर्जे, त्यांच्या मुलांना शिक्षणात सवलती. त्यांतून काहींना आधार मिळालाही. परंतु सोनारकाम ही बालपणापासून बापाच्या शेजारी बसून कमावलेली विद्या होती. चाळिशीतल्या माणसाला कर्ज देऊन दुसरा धंदा काढून देता येतो, दुसरा हात देता येत नाही.

१६/ ऑगस्ट १९६३ मध्ये कामराज योजनेखाली मोरारजी मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री झाले. सप्टेंबरमध्ये नियम सैल झाले. गिऱ्हाइकाचा जुना दागिना मोडून चौदा कॅरेटहून अधिक कसाचा दागिना घडवून देण्याची मुभा स्वतंत्रपणे काम करणाऱ्या सोनारांना मिळाली. ‘मोडून घडवणे’ आणि तस्करी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे धोरणाने मान्य करण्यास आठ महिने लागले होते.

१७/ चौदा कॅरेटचे बंधन पूर्णपणे उठले ते नोव्हेंबर १९६६ मध्ये, इंदिरा गांधींच्या काळात. म्हणजे हुकमाचे आयुष्य चार वर्षांहूनही थोडे कमी. तथापि चार वर्षे रिकामे बसलेले कारागीर सारेच परत येत नाहीत. ज्या मुलांनी या काळात बापाजवळ बसून हात बसवायचा, ती दुसरीकडे गेली की परंपरेचा एक दुवा कायमचा निखळतो.

१८/ बंधन उठले, नियंत्रण उरले. १९६८ मध्ये, मोरारजी पुन्हा अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रण कायदा संमत झाला. व्यापाऱ्यास परवाना, सोनारास प्रमाणपत्र. किती सोने जवळ ठेवावे यावर मर्यादा, प्रत्येक व्यवहाराची नोंद. बिस्किटे किंवा लगडीच्या रूपातील सोने सामान्य नागरिकास बाळगता येईना. दोन किलोंहून अधिक दागिने असलेल्या व्यक्तीस ते जाहीर करावे लागत.

१९/ या कायद्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले. १९६९ च्या हरकचंद रतनचंद बांठिया खटल्यात एक रोचक मुद्दा निघाला. सोनारकाम ही हस्तकला आहे, ‘उद्योग’ नव्हे, म्हणून केंद्राला त्यावर असा कायदा करता येत नाही, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने तो फेटाळला. मात्र परवाना देण्याचे अस्पष्ट निकष आणि इतर काही कलमे अवाजवी ठरवून रद्द केली. कायदा उरला, त्याचे काही काटे गेले.

२०/ ज्या हेतूने हे सारे झाले, त्या तस्करीचे काय? ती थांबली नाही. सत्तरच्या दशकात मुंबईच्या तस्करांची नावे घराघरांत पोहोचली होती. १९७४ मध्ये तस्करांना स्थानबद्ध करण्यासाठी ‘कॉफेपोसा’ हा स्वतंत्र कायदा करावा लागला. देशातील आणि देशाबाहेरील भावांची तफावत कायम असेतो बिस्किटे उतरतच राहणार होती. दुकानातल्या वहीत तिचा उपाय नव्हता.

२१/ शेवट घडवला तो एका मराठी अर्थमंत्र्याने. कोकणातील राजापूरचे खासदार, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि समाजवादी नेते मधु दंडवते विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात अर्थमंत्री होते. त्यांच्या कार्यकाळात, जून १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला. कायद्याचा हेतू साध्य झाला नाही आणि लहान, स्वयंरोजगारी सोनारांना जाच मात्र झाला, अशी या निर्णयामागची भूमिका होती.

२२/ पुढच्याच वर्षी इतिहासाने एक विलक्षण वळण घेतले. १९९१ च्या परकीय चलन संकटात देशाची पत राखण्यासाठी जे सोने प्रथम परदेशी विकले गेले, ते तस्करांकडून जप्त केलेले होते. सुमारे २० टन. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने परदेशात तारण ठेवले. १९९२ मध्ये अनिवासी भारतीयांना शुल्क भरून पाच किलोंपर्यंत सोने आणण्याची मुभा मिळाली आणि आयातीचा दरवाजा किलकिला झाला.

२३/ आता एक तुलना. जून २०२१ मध्ये देशातील २५६ जिल्ह्यांत दागिन्यांवर हॉलमार्कची सक्ती सुरू झाली. हाही सोन्याच्या कसाविषयीचाच नियम. परंतु त्यात कस कोणता असावा, हे आरंभी १४, १८ आणि २२ कॅरेटमधून गिऱ्हाइकाने निवडायचे होते. जो कस सांगितला, तोच दागिन्यात असावा, एवढाच सरकारचा आग्रह. आणि ४० लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या दुकानदारांना त्यातून वगळण्यात आले.

२४/ या सवलतीवर आणि सक्तीवर वाद आहेतच. पण १९६३ च्या हुकमात जो माणूस मोजलाच गेला नव्हता, त्याच्यासाठी २०२१ च्या नियमात निदान एक ओळ होती. आणि ज्या चौदा कॅरेटला सक्तीने कोणी हात लावला नाही, त्यातले हलके दागिने आज ग्राहक आपखुशीने विकत घेतात.

२५/ सुवर्ण नियंत्रणाचा इतिहास ‘सरकारने हस्तक्षेप करूच नये’ असे सांगत नाही. परकीय चलनाची निकड खरी होती. परंतु समुद्रावरचा तस्कर हाती लागत नाही, म्हणून पाटी लावून बाजारपेठेत बसलेल्या सोनारावर नियमाचे सारे ओझे टाकले गेले. जो सहज सापडतो तोच दोषी असतो, असे नाही. नव्या धोरणाची घोषणा वाचताना ‘यात कोण सापडणार आहे?’ हा प्रश्न विचारण्याची सवय इतिहासाच्या विद्यार्थ्याने लावून घ्यावी.

(धागा समाप्त)