टोमॅटोची तुलना करायची तर कोणाशी?


"नारायणगावात एकरी एवढा टोमॅटो निघते, मग आपल्या धानोऱ्यात का नाही?" हा प्रश्न नेहमीचा. त्याचं उत्तर जुनंच आहे.

१९५७ मध्ये फॅरेल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं कार्यक्षमतेचं माप मांडलं. तेवढंच बी, खत, पाणी अन् मजुरी लावून जो सगळ्यात जास्त काढतो, त्याच्याशी बाकीच्यांची तुलना करायची. नुसता एकरी आकडा पाहायचा नाही.

१९६४ मध्ये अमेरिकेच्या थिओडोर शुल्ट्झ यांनी ग्वाटेमालातलं पानाहाचेल अन् उत्तर प्रदेशातलं सेनापूर या गावांचा दाखला देऊन लिहिलं : लहान शेतकरी गरीब आहे, पण हातचं वाया घालवत नाही. नवं बियाणं अन् ज्ञान पोचत नाही, म्हणून तो अडतो.

आता आपलं पाहा. धान निघालं की बांधीत, बोडी-विहिरीच्या उरल्या पाण्यावर टोमॅटो. आधाराला बांबू जवळचाच. २०११ मध्ये आपल्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मिळाला. कमी पडते ते बियाणं. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा संकरित वाण पानं मुरडणारा विषाणू, जिवाणूजन्य मर अन् लवकर येणारा करपा, तिन्हींना तोंड देते.

म्हणून नारायणगाव राहू द्या, शेजारच्या बांधीशी ताळा करा. पाण्याच्या पाळ्या किती, फवारण्या किती, कॅरेट किती विकले, किती सडले? यंदा वहीत लिहा.