पुढचे चाक रुंद केले तर? घर्षणाच्या नियमापासून ‘तेजस’पर्यंतचा एक इतिहास

बंगळुरूच्या जे. सी. रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांपुढून चालत गेले, की चकचकीत रिमांच्या रांगा दिसतात. स्पोर्ट्स कारचा हौशी मालक येथे येतो तेव्हा त्याची मागणी बहुधा ठरलेली असते. गाडी वळणात पुरेशी चपळ वाटत नाही, स्टीअरिंग फिरवले तरी नाक बाहेर ओढले जाते, तेव्हा पुढे जरा रुंद रिम आणि रुंद टायर बसवावेत. रुंद टायर म्हणजे जास्त पकड, आणि जास्त पकड म्हणजे जास्त सुरक्षितता, असा त्यामागचा सरळ हिशेब असतो.

आता आपले शालेय पाठ्यपुस्तक उघडा. घर्षणबल हे पृष्ठभागांच्या स्वरूपावर आणि लंबबलावर अवलंबून असते, संपर्कक्षेत्रावर नाही, असे तेथे लिहिलेले असते. हा नियम खरा असेल, तर रुंद टायरला काहीच अर्थ उरत नाही. टायर उपयोगी असेल, तर नियमात काहीतरी उणे आहे. या पेचाची उकल व्हायला सुमारे अडीचशे वर्षे लागली. त्या उकलीच्या ओघात एक दुसराच, अधिक गंभीर प्रश्न पुढे आला : पकड किती, यापेक्षा पुढच्या आणि मागच्या चाकांत ती कशी वाटलेली आहे?

घर्षणाचा हा नियम लिओनार्दो दा विंचीच्या टिपणवह्यांत आढळतो, परंतु त्या वह्या कित्येक शतके अप्रकाशित राहिल्या. १६९९ मध्ये गियोम आमोंताँ यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे तो नव्याने मांडला आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शार्ल कूलोम यांनी विस्तृत प्रयोगांनी त्याला भक्कम केले. त्यांचे प्रयोग लाकूड, धातू अशा कठीण पदार्थांवरचे होते. हवा भरलेल्या टायरचे पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी घेतले ते १८४५ मध्ये, आणि जॉन डनलॉप यांनी बेलफास्टमध्ये तो पुन्हा शोधून रूढ केला १८८८ मध्ये. म्हणजे ज्या नियमाने आपण टायरचा विचार करतो, तो घडला तेव्हा टायर अस्तित्वातच नव्हता.

तो कोठे तुटतो, हे पाहण्यापूर्वी एक छोटा हिशेब करू. एका चाकावर ३५० किलोचा भार आहे आणि टायरमध्ये ३२ पाउंड, म्हणजे सुमारे २.२ बार, हवा आहे. भाराला दाबाने भागले तर जमिनीला टेकलेल्या ठशाचे क्षेत्रफळ ढोबळमानाने १५६ चौरस सेंटिमीटर येते. तळहाताएवढेच. टायर रुंद केला पण भार आणि हवा तीच ठेवली, तर हे क्षेत्रफळ फारसे बदलत नाही, त्याचा आकार बदलतो. ठसा १६ सेंटिमीटर रुंद असताना सुमारे पावणेदहा सेंटिमीटर लांब होता, तो २० सेंटिमीटर रुंद झाल्यावर पावणेआठ सेंटिमीटर लांब राहतो. ‘रुंद टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर’ ही समजूत येथेच बरीचशी गळून पडते.

तरीही रुंद टायर अधिक धरून ठेवतो, हे प्रत्येक शर्यतपटूला ठाऊक आहे. १९३९ मध्ये केंब्रिजच्या फ्रँक बाउडन आणि डेव्हिड टेबर यांनी दाखवून दिले, की दोन कठीण पृष्ठभाग वरवर कितीही सपाट दिसले तरी ते सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकतात. भार वाढला की हे उंचवटे चेपतात आणि खरे संपर्कक्षेत्र भाराच्या प्रमाणात वाढते. आमोंताँचा नियम उपजतो तो यातूनच. रबर मात्र असे वागत नाही. ते लवचीक आहे, रस्त्याच्या खडबडीत कणांभोवती स्वतःला गुंडाळते, आणि त्याचे खरे संपर्कक्षेत्र भारापेक्षा सावकाश वाढते. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये अ‍ॅडॉल्फ शालामाख यांनी भार वाढताना रबराचा घर्षणांक कमी होत जातो हे मोजले. १९६३ मध्ये के. ए. ग्रोश यांनी हे घर्षण तापमान आणि वेग यांच्याशी कसे बांधलेले आहे ते दाखवले. याचा व्यावहारिक अर्थ असा, की तोच भार रुंद टायरवर अधिक समान पसरतो, त्याला अधिक मऊ रबर वापरता येते, आणि उष्णतेलाही पसरायला जागा मिळते. शिवाय रुंद टायरची बाजूची भिंत बहुधा बुटकी असल्याने तो कडेला कमी वाकतो. दुकानदाराचे म्हणणे निव्वळ खोटे नव्हे, ते अर्धेच खरे आहे.

उरलेले अर्धे समजण्यासाठी एक चाक सोडून अख्ख्या गाडीकडे पाहावे लागते. १९२५ मध्ये फ्रेंच अभियंते जॉर्ज ब्रूलिए यांनी एक महत्त्वाची गोष्ट हेरली : वळणात टायर जिकडे तोंड करून असतो, नेमका तिकडेच जात नाही. तो थोडा तिरपा सरकतो. या कोनाला आज ‘स्लिप अँगल’ म्हणतात, आणि वळण्यासाठी लागणारे पार्श्वबल याच कोनातून निर्माण होते. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये काम करणारे मॉरिस ओली यांनी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या कोनांची तुलना केली. पुढचा कोन मोठा असेल तर गाडी अपेक्षेपेक्षा कमी वळते, ती ‘अंडरस्टीअर’. मागचा मोठा असेल तर ती अपेक्षेपेक्षा जास्त वळते आणि शेपूट बाहेर फेकते, ती ‘ओव्हरस्टीअर’. पहिली चालकाला कंटाळवाणी वाटते, पण बिथरल्यावर स्वतःच सावरू पाहते. दुसरी एका ठरावीक वेगानंतर सावरतच नाही.

हा समतोल किती नाजूक असतो, हे शेवरोलेच्या ‘कॉर्व्हेअर’ने जगाला शिकवले. १९६० च्या मॉडेलवर्षासाठी आलेल्या या गाडीचे इंजिन मागे होते, त्यामुळे वजन मागे झुकलेले. पुढे स्थैर्यदांडा बसवण्याऐवजी कंपनीने स्वस्त मार्ग निवडला : पुढच्या टायरमध्ये १५ पाउंड आणि मागच्यात २६ पाउंड हवा. पुढचा टायर मुद्दाम ढिला ठेवायचा, म्हणजे त्याचा स्लिप अँगल वाढेल आणि गाडी अंडरस्टीअरच्या सुरक्षित बाजूला राहील. पण पुढे इतकी कमी हवा पाहून कोणीही सद्‌हेतूने ती भरून देणार, आणि त्या क्षणी गाडीचा स्वभाव बदलणार. राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकाचे पहिले प्रकरण याच गाडीवर लिहिले. ही गाडी समकालीन गाड्यांहून अधिक धोकादायक नव्हती, असा निष्कर्ष अमेरिकी सरकारच्या १९७२ च्या अहवालाने काढला, हेही नमूद केले पाहिजे. तरी भौतिकीचा धडा कायम राहतो. पुढच्या चाकात जास्त हवा भरणे आणि पुढचे चाक रुंद करणे, हे दोन्ही उपाय पुढच्या टोकाला अधिक ताठ करतात.

पोर्शेच्या ‘९११’चा इतिहासही हेच सांगतो. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असल्याने सुरुवातीच्या गाड्या शेपूट फेकत. काही काळ कंपनीने पुढच्या बंपरमध्ये वजने बसवली. मग १९६९ च्या मॉडेलसाठी मागची चाके मागे सरकवून दोन आसांमधील अंतर ५७ मिलिमीटरने वाढवले. १९७२ च्या अखेरीस आलेल्या ‘कारेरा आरएस’मध्ये पुढे ६ इंची आणि मागे ७ इंची रिम दिले. पुढचे चाक अरुंद आहे ते काटकसरीसाठी नव्हे. तो सुरक्षिततेचा राखीव हिस्सा आहे.

आकड्यांत पाहू. समजा, १४०० किलोची एक गाडी आहे, ४० टक्के वजन पुढे, ६० टक्के मागे, दोन आसांमधील अंतर २.४ मीटर. गुरुत्वत्वरणाइतक्या पार्श्वत्वरणासाठी पुढे ३.९ अंश आणि मागे ३.६ अंश स्लिप अँगल लागतो असे धरू. पुढचा थोडा मोठा, म्हणजे गाडी सुरक्षित बाजूला. आता रुंद रिम आणि टायरमुळे पुढचा ताठरपणा २५ टक्क्यांनी वाढला, तर पुढचा कोन ३.१ अंशांवर येतो. मागचा होता तेवढाच, ३.६. गाडी ओव्हरस्टीअर झाली, आणि साध्या रेषीय गणिताने सुमारे १९० किलोमीटर वेगाला ती तत्त्वतः अस्थिर होते. हा वेग शहरात गाठला जात नाही, हे खरे. पण ओला रस्ता, मध्येच मारलेला ब्रेक किंवा झिजलेले मागचे टायर ही मर्यादा पुष्कळ खाली आणतात. बाजारातून निघताना मात्र मालकाला गाडी पूर्वीपेक्षा तरतरीतच वाटते. धोका नेमका या तरतरीतपणातच दडलेला आहे.

या गणिताला नेटके रूप दिले ते विमानशास्त्राने. बफेलोच्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीतील विल्यम मिलिकेन, लिओनार्ड सेगेल आणि सहकाऱ्यांनी विमानाच्या स्थैर्याची समीकरणे मोटारीला लावली आणि १९५६ मध्ये ती लंडनमध्ये सादर केली. कल्पना बाणाची आहे. बाणाची पिसे मागे असतात म्हणून तो सरळ जातो. तीच पिसे टोकाशी लावली तर तो उलटा फिरेल. पुढचा टायर रुंद करणे म्हणजे टोकाशी पिसे वाढवणे.

आणि येथे बंगळुरूचे नाव पुन्हा येते. ४ जानेवारी २००१ रोजी या शहराच्या आकाशात ‘तेजस’ने पहिले उड्डाण केले. ते विमान चपळतेसाठी हेतुपुरस्सर अस्थिर आखलेले आहे. मात्र त्याच्या अस्थिरतेवर चौपदरी अंकीय उड्डाण-नियंत्रण प्रणाली अखंड पहारा देते, आणि तिचे नियम रचण्यात व पारखण्यात येथील शास्त्रज्ञांची वर्षे गेली. चपळता हवी तर तिची किंमत अशी मोजावी लागते. आधुनिक गाड्यांतही स्थैर्यनियंत्रणाचा संगणक असतो, पण तो कारखान्याने बसवलेल्या टायरच्या गुणधर्मांवर जुळवलेला असतो.

मग पुढे रुंद चाक कधीच नसावे काय? तसे नाही. ज्या गाडीचे वजन पुढे झुकलेले आहे, तिच्यात ते उपकारक ठरू शकते. ऑडीच्या २०२१ च्या ‘आरएस ३’मध्ये पुढचे टायर २६५ मिलिमीटर आणि मागचे २४५ मिलिमीटर रुंदीचे आहेत. फरक इतकाच, की तेथे स्प्रिंग, दांडे, ऑफसेट आणि संगणक हे सारे त्या निर्णयाबरोबर पुन्हा जुळवले गेले.

आपल्याकडे कायद्यानेही या बाबतीत सावध भूमिका घेतली आहे. उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांपासून नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील वेगळे होतील असा बदल वाहनात करता येणार नाही, असे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी स्पष्ट केले. या निर्णयाकडे केवळ नोकरशाहीची अडवणूक म्हणून पाहणाऱ्यांनी वरचा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा.

विद्यार्थ्यांसाठी एक सोपा अभ्यास. घरच्या किंवा शेजारच्या गाडीच्या चालकाच्या दाराजवळील पट्टी वाचा. तेथे टायरचा आकार आणि पुढच्या-मागच्या हवेचा दाब दिलेला असतो. पुढचा आणि मागचा आकडा वेगळा असेल, तर वजन कोणत्या आसावर जास्त आहे आणि कोणता टायर आधी सरकावा असे अभियंत्याला वाटत होते, याचा अंदाज बांधा. उत्तरे प्रतिक्रियांमध्ये लिहा, आपण ती मिळून तपासू.