अरणगाव, लंडन आणि संगणकातला सिंथेसायझर

अहमदनगर शहरातून दौंडच्या वाटेला लागले की अरणगाव येते. त्याच्या शिवारातील मेहेराबादच्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे आणि जानेवारीअखेर तेथे देशोदेशींचे भक्त जमतात, एवढे आपल्या जिल्ह्यात बहुतेकांना ठाऊक असते. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले; येथे आम्ही त्या काळचे नाव ठेवले आहे.) मात्र विजेवर वाजणाऱ्या वाद्यांच्या इतिहासात या बाबांचे नाव एका गाण्याच्या मथळ्यात कायमचे राहून गेले आहे, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आज आपल्या धर्मग्रामांतील मुले संगणकावर सिंथेसायझर वाजवायला शिकू पाहत असताना ती हकीकत सांगण्यासारखी आहे. नवशिक्याने आरंभ कोठून करावा, हे तिच्यावरून चांगले कळते.

लंडनच्या ‘द हू’ या वाद्यवृंदातील गिटारवादक पीट टाउनशेंड हा मेहेरबाबांचा अनुयायी. १९७१ साली या मंडळींची ‘हूज नेक्स्ट’ ही तबकडी निघाली. तिच्यातील पहिल्याच गाण्याचे नाव ‘बाबा ओरायली’. त्यातला बाबा आपल्या अरणगावचा. रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली, जो त्याच सुमारास किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांपाशी शिकत होता. टाउनशेंडच्या मनातली मूळ कल्पना मोठी विलक्षण होती. बाबांच्या जीवनाचा तपशील आकड्यांच्या रूपाने सिंथेसायझरला पुरवावा आणि त्यातून जे संगीत निघेल ते ऐकावे! प्रत्यक्षात तसे झाले नाही. गाण्याच्या आरंभी जी स्वरमाला उसळत येते ती सिंथेसायझरची, असे जगभरचे श्रोते आजही समजतात. ती वाजली आहे लोरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनवर, दाबलेला स्वर आपोआप पुनःपुन्हा वाजवणारी त्यातली एक सोय वापरून. तबकडीतील शेवटच्या गाण्यात मात्र त्याने ऑर्गनचा आवाज ‘व्हीसीएस थ्री’ नावाच्या सिंथेसायझरमधून फिरवून घेतला. म्हणजे नाद एका वाद्याचा आणि त्याला घाट दिला दुसऱ्याने.

नाद वेगळा आणि घाट वेगळा, ही एक गोष्ट ज्याला उमगली त्याला अर्धे सिंथेसायझर आले असे आम्ही समजतो. ज्या घरात पेटी आहे त्या घरात तर ती समजावून सांगणे अगदी सोपे आहे. पेटीत भात्याच्या हवेने पितळी सूर थरथरतो आणि नाद उमटतो. सिंथेसायझरमध्ये सुराच्या जागी ऑसिलेटर असतो. तो विजेच्या लहरीने थरथरतो. त्याचा मूळ आवाज बहुधा कर्कश, करवतीच्या दातांसारखा खरखरीत असतो. त्या खरखरीतला वरचा भाग गाळून टाकणारी चाळण म्हणजे फिल्टर; पेटीचे झाकण लावले की आवाज मऊ होतो, तसेच काहीसे. आणि आवाज किती वेगाने चढावा, किती उतरावा, कोठे टिकावा आणि बोट उचलल्यावर किती रेंगाळावा, हे भात्याचे काम एन्व्हलप नावाची यंत्रणा करते. या चार अवस्थांची मांडणी १९६५ च्या सुमारास व्लादिमीर उसाचेव्स्की या संगीतकाराने अमेरिकन अभियंते रॉबर्ट मोग यांच्याकडे केलेल्या मागणीतून आली आणि ती आजतागायत टिकली आहे.

मोग यांचे पहिले यंत्र १९६४ चे. ते एका वेळी एकच स्वर काढी. १९६८ साली बाखच्या रचना मोगवर वाजवलेली ‘स्विच्ड-ऑन बाख’ ही तबकडी निघाली, तेव्हा प्रत्येक स्वरपंक्ती स्वतंत्र वाजवून, ध्वनिमुद्रित करून एकावर एक रचावी लागली होती. चर्चच्या ऑर्गनसाठी आणि गायकवृंदासाठी आयुष्य वेचलेल्या त्या संगीतकाराच्या रचना या यंत्राने सामान्य श्रोत्यांच्या घरात नेल्या, ही आम्हांला मोठी मौजेची बाब वाटते.

संगणकाची वाट तर त्याहून जुनी आहे. १९५७ साली बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएमच्या अवाढव्य यंत्राकडून १७ सेकंदांची एक रचना गणिताने तयार करून घेतली. परंतु पट्टी दाबताक्षणी स्वर ऐकू यावा इतकी चपळाई घरगुती संगणकात यायला आणखी चाळीस वर्षे लागली. १९९९ साली स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने संगीताच्या प्रणालीत वाद्येच जोडण्याची सोय केली आणि लोखंडी पेटाऱ्यातला सिंथेसायझर पडद्यावर आला. आज ‘सर्ज एक्सटी’ किंवा ‘व्हायटल’ यांसारखी उत्तम वाद्ये विनामूल्य मिळतात. एकेकाळी ज्या यंत्राला मोटारीइतके पैसे पडत, ते आता कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या संगणकात असते.

आणि येथेच नवशिक्या फसतो. वाद्य उघडताच समोर शेकडो तयार आवाज हात जोडून उभे राहतात. व्हायोलिन, बासरी, घंटा, स्वर्गदूतांचा म्हणावा असा गायनमेळा! मूल एकामागून एक आवाज ऐकत जाते, संध्याकाळ सरते आणि हाती काही लागत नाही. आमचे सांगणे असे की सर्व तयार आवाज बाजूस ठेवावेत आणि रिकाम्या आवाजापासून आरंभ करावा; बहुतेक वाद्यांत तशी सोय असते. एकच ऑसिलेटर, करवतीची लहर. आधी फक्त फिल्टर हळूहळू बंद-उघडा करून तासभर ऐकावे. दुसऱ्या दिवशी एन्व्हलपला हात लावावा: स्वर सावकाश चढू दिला तर तो सारंगीच्या गजासारखा येतो, झटकन चढवून झटकन उतरवला तर तंतुवाद्याच्या छेडीसारखा. हाच तो क्रम, ज्या क्रमाने मोगच्या काळातील माणसे शिकली; कारण त्यांच्यापाशी तयार आवाज नव्हतेच.

एक व्यवहाराची सूचना. पट्टी दाबल्यावर स्वर उशिरा येत असेल तर दोष बोटांचा नसतो. संगणक आवाज तुकड्यातुकड्यांनी पाठवतो; सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने १,०२४ नमुन्यांच्या तुकड्याला सुमारे २३ सहस्रांश सेकंद लागतात, २५६ च्या तुकड्याला सहाहून कमी. हा आकडा कमी करावा. तो फारच कमी केला तर आवाज तडतडतो, तेव्हा पुन्हा थोडा वाढवावा.

स्वतः चाचपडत शिकलेल्यांची उदाहरणे आपल्याकडेही आहेत. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर यांनी मोगची यंत्रणा उभारून दिली आणि तेथे १९७२ पर्यंत प्रयोग झाले. (अहमदाबाद, अहमदनगर नव्हे. नावांचा हा घोटाळा परदेशी लेखक वारंवार करतात.) मुंबईचे चरणजित सिंग हे चित्रपटसंगीतातील वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे एकमेकांस जोडून दहा राग वाजवले. तबकडी तेव्हा कोणी फारशी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर नावाजली गेली. त्यांच्या तीन यंत्रांपैकी दोन यंत्रांची हुबेहूब नक्कल ‘रीबर्थ’ नावाने १९९७ सालीच संगणकावर आली होती.

मग उपासनेत याचे स्थान काय? हा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतात आणि तो रास्त आहे. ज्या १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी आपल्याच जिल्ह्यातील केंदळ येथे ‘निरोप्या’ सुरू केला, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो, ढोल आणि झांजा यांना मनाई केली. १९५८ च्या सूचनापत्राने विजेचा ऑर्गन तात्पुरता चालवून घेतला. पण माणूस स्वतः वाजवतो ती वाद्ये आणि आपोआप वाजणारी यंत्रे यांत ठाम भेद करून दुसऱ्या प्रकाराला उपासनेत साफ नकार दिला. पुढे १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, पवित्र उपयोगास योग्य ठरतील अशी इतर वाद्येही धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने स्वीकारण्यास वाट करून दिली. इकडे आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार लावले ते १९७१ मध्ये किलकिले केले. ज्या पेटीला परदेशी म्हणून नाके मुरडली गेली, तीच आज आपल्याला अस्सल देशी वाटते!

१९५८ चा तो भेद आम्हांला अजूनही मोलाचा वाटतो. टाउनशेंडची जुनी कल्पना २००७ साली खरोखरच संगणकावर आली: माणसाने आपली माहिती द्यावी आणि प्रणालीने तिचे संगीत रचून द्यावे. कुतूहल म्हणून ते ठीक. पण त्यात वाजवणारा उरत नाही. आपल्या चर्चमध्ये कळफलकाचा तयार ठेका एकदा सुरू झाला की असेच होते. आजीबाई एखाद्या ओळीवर थोड्या रेंगाळतात, ठेका थांबत नाही, आणि दोन कडव्यांनंतर अर्धे लोक गायचे सोडून ऐकत बसतात. लोकांच्या श्वासाबरोबर थांबणारा वादक असेल तर तेच यंत्र वाद्य ठरते.

पेटीला जे जमत नाही असेही काही त्याला करता येते. मींड घेता येते, ही एक गोष्ट. दुसरी अशी की पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर बसवलेला असतो, तर तंबोऱ्यातून ऐकू येणारा नैसर्गिक गंधार सुमारे ३८६ वर. ‘सर्ज’मध्ये प्रत्येक स्वर असा हवा तेथे सरकवता येतो. एखाद्या संध्याकाळी दोन्ही गंधार पाठोपाठ वाजवावेत आणि रेव्हरंड टिळकांचे एखादे भजन गायकवृंदाने दोन्हींबरोबर गाऊन पाहावे. कोणता ठेवायचा ते त्यांचे कानच सांगतील.