साबणाचं माप : पाचगणी, जुलै १९४४

वाईहून निघालेली मोटार पसरणीचा घाट चढते आहे. लढाईमुळे पेट्रोल रेशनवर, म्हणून गाडीच्या मागे कोळशाची भट्टी जोडलेली. तिच्या गॅसवर इंजिन धापा टाकतं. घाटमाथ्यावर धुक्यात सिल्व्हर ओकचे बुंधे तेवढे दिसतात. तुम्ही उतरता आणि एका शाळेच्या प्रयोगशाळेत शिरता. अंगातला सदरा दमट आहे. आषाढात इथे धुतलेलं काही धड वाळत नाही.

टेबलावर स्पिरिटचा दिवा, तिवई, तारेची जाळी, काचकांडी. तुमच्या चंचुपात्रात शेंगदाण्याचं तेल, शेजारच्या मुलाच्या चंचुपात्रात खोबरेल. दोन्ही बरोबर २० ग्रॅम. सर फळ्यावर आकडे लिहितात : शेंगदाण्याला कॉस्टिक सोडा २.७ ग्रॅम, खोबरेलाला ३.६ ग्रॅम.

“तेल दोघांना सारखं दिलंय. मग सोडा कमी-जास्त का? काम करता करता विचार करा.”

तुम्ही सोड्याची बाटली उघडता आणि तराजूकडे वळता. “बूच लाव आधी,” सर मागून म्हणतात. “ही पाचगणीची हवा आहे. सोडा तिच्यातलं पाणी ओढून घेतो. बघता बघता पाघळेल आणि तुझं वजन खोटं ठरेल.” तुम्ही घाईने वजन करता. “आता पाण्यात सोडा टाक, थोडा थोडा. सोड्यावर पाणी ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं.” काच हाताला चटका देण्याइतकी तापते, खाली दिवा नसतानाही.

हे द्रावण तेलात मिसळून तुम्ही दिव्यावर ठेवता. पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचावर. इथे साधं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणून घाई करून उपयोग नाही, ढवळत राहायचं. सुरुवातीला तेल वर, पाणी खाली. मग सीमा पुसट होते, रंग गढुळतो, कांडी जड होते. उडालेल्या पाण्याच्या जागी चमचाभर पाणी घालत तुम्ही ढवळत राहता.

आत काय चाललंय? तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरीनच्या कण्याला मेदाम्लाच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. सोडा त्या एकेक करून तोडतो. सुटलेल्या साखळीला सोडियम मिळतं, तोच साबण. ग्लिसरीन मोकळं होतं. चरबी आणि राखेचं क्षारपाणी उकळून साबण करणं माणसाला हजारो वर्षांपासून येत होतं, पण हा हिशेब कोणाला ठाऊक नव्हता. पॅरिसच्या मिशेल शेव्हरलने १८११ मध्ये साबणाचा एक नमुना फोडून पाहायला घेतला, वर्षानुवर्षं एकेक चरबी तपासली आणि १८२३ मध्ये सगळं ग्रंथात मांडलं. करता येणं आणि कळणं यांत एवढं अंतर होतं.

फळ्यावरच्या प्रश्नाचं उत्तर आता तुमचं तुम्हालाच सुचतं. खोबरेलातल्या बऱ्याच साखळ्या १२ कार्बनच्या, म्हणजे आखूड. शेंगदाण्याच्या बहुतेक १८ कार्बनच्या. रेणू लहान असले की तेवढ्याच वजनात ते जास्त मावतात, आणि प्रत्येक रेणूला सोड्याचे तीन कण लागतात. म्हणून खोबरेलाला सोडा जास्त.

“शाबास,” सर म्हणतात. “आता मीठ.” मिठाचं दाट पाणी ओतताच साबण दह्यासारखा फुटून वर येतो. खाली उरलेल्या खारट पाण्यात ग्लिसरीन आहे. या लढाईत ग्लिसरीनला मोठी मागणी आहे, कारण त्यापासून नायट्रोग्लिसरीन, म्हणजे स्फोटक बनतं.

साबण गाळून, धुऊन, दाबून घेतल्यावर परीक्षा. एका परीक्षानळीत पागोळीचं पाणी, साबणाचा तुकडा आणि तेलाचा थेंब. हलवलं की फेस येतो, तेल दिसेनासं होतं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्यात रमतं, लांब शेपूट तेलात. शेपट्या थेंबात घुसतात, टोकं बाहेर राहतात, आणि थेंब पाण्याबरोबर वाहायला तयार होतो. “जतच्या बाजारात मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारा दलाल असतो ना,” सर म्हणतात, “त्याच्याशिवाय सौदा होत नाही. तसं हे.” दुसऱ्या नळीत ते चुन्याची निवळी घालतात. फेस बसतो, पांढरा साका धरतो. कॅल्शियमने सोडियमची जागा घेतली. हा नवा साबण पाण्यात विरघळत नाही. मचूळ विहिरीवर धुणं निघत नाही, ते यामुळे. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच.

याच महिन्यात, याच गावात गांधीजी विश्रांतीला आले आहेत. मे महिन्यात आगाखान पॅलेसमधून त्यांची सुटका झाली. रचनात्मक कार्यक्रमावरच्या त्यांच्या १९४१ च्या पुस्तिकेत दळण, कांडण, कागद, तेलघाणी यांच्या बरोबरीने साबणाचंही नाव आहे, गावाला हवेतच अशा उद्योगांत. फळ्यावरचे दोन आकडे त्या यादीशी थेट जोडलेले आहेत. ज्याला फक्त कृती पाठ आहे, त्याचं काम खोबरेल संपलं की थांबतं. ज्याला कारण माहीत आहे, तो शिवारात मिळेल ते तेल घेतो आणि त्याचं माप काढतो.

तास संपताना सर करंजाच्या तेलाची बाटली टेबलावर ठेवतात. कडवट, उग्र वास.

“याचा साबण करायचाय. सोडा किती?”

वर्गातून कोणी आकडा फेकत नाही. तुम्ही उभे राहता : थोडं तेल तोलून घ्यायचं, मोजून जास्तीच्या अल्कलीबरोबर उकळायचं, मग फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकून गुलाबी रंग जाईपर्यंत आम्ल घालायचं. किती अल्कली उरली ते कळलं, की तेलाने किती घेतली ते वजाबाकीने कळतं.

“मग ब्युरेट धुवायला घे,” सर म्हणतात.